माशांच्या वाट्याची साखर

डोणगावात ज्यांच्या घरी मी अकरा वर्षे भाड्याने राहिलो, त्या घरमालकांइतका सज्जन आणि त्यांच्याइतका असह्य माणूस मला आयुष्यात दुसरा भेटला नाही. त्यांच्याविषयी लिहिण्यापूर्वी एक कबुली देणे भाग आहे. त्यांच्या पेटीतल्या मधमाशा एका वैशाखात गेल्या, त्या माझ्यामुळे. आणि ही गोष्ट मी पाच वर्षे त्यांच्यापासून लपवून ठेवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याविषयी बरीच कुरकूर करणार आहे, आणि ती वाचताना वाचकाने माझी बाजू घ्यावी असे मला वाटत नाही. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला आपली बाजू तशीही फारशी भक्कम वाटेनाशी होते.

घरमालकांना सारे गाव काकाजी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. पत्नी वारलेली, एकुलती एक मुलगी शांता मलकापूरला दिलेली. पुढच्या दोन खोल्या त्यांच्या, मागच्या दोन आमच्या, आणि मधल्या अंगणात निंबाखाली चार पायांच्या घडवंचीवर ती लाकडी पेटी. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते आणि ग्रामोद्योगाची शिबिरे गावोगाव भरत होती. काकाजी अशाच एका शिबिराला सावलीत बसायला मिळते म्हणून गेले आणि पेटी, जाळीचा बुरखा व सातेरी जातीच्या माशांचे एक कुटुंब घेऊन परतले. त्या दिवसापासून त्या घरात आम्ही भाडेकरू आणि माशा घरमालक झाल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून घडवंचीचा प्रत्येक पाय पाण्याने भरलेल्या वाटीत ठेवावा लागे. वाट्या चार, आणि चारही आमच्या. माझ्या पत्नीने एकदा जेवणाच्या वेळी वाट्यांची चौकशी केली, तर काकाजी तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, "सूनबाई, तुमी ताटात वरन घेऊ शकता. माशीले कोठी ताट हाय?"

नियम तर दर आठवड्याला नवे निघत. मधमाशीला उग्र वास सोसत नाही, म्हणून आमच्या देवाची उदबत्ती खिडकी लावून घेऊन जाळायची. धुरात देव दिसत नसे आणि मला खोकल्यामुळे मंत्र म्हणता येत नसत. वासाचे तेल लावून कोणी अंगणात यायचे नाही. आमचे हेडमास्तर एकदा डोक्यावर चमेलीचे तेल थापून माझ्याकडे आले आणि कपाळावर दोन टेंगळे घेऊन परत गेले. काकाजींनी त्यांची क्षमा मागावी या अपेक्षेने मी पाहत होतो, तर ते हेडमास्तरांनाच म्हणाले, "एवढं तेल लावाचं कामच काय होतं? दोन माशा फुकट मेल्या ना." माशी काळ्या रंगावर धावते, म्हणून छत्री अंगणात उघडायची नाही. सबंध पावसाळा मी छत्री काखेत धरून भिजत फाटकापर्यंत जाई आणि ओलाचिंब झाल्यावर रस्त्यावर ती उघडत असे. लोक वळून पाहत. मला वाटे, आपण शिक्षक आहोत, आपल्याविषयी गावात काही आदर उरावा.

आणि ती वरात! तुळशीच्या लग्नानंतर आमच्या रस्त्याने वाजतगाजत एक वरात निघाली, तेव्हा काकाजी दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे राहिले. ताशा थांबला. नवरदेवाचे मामा पुढे येऊन म्हणाले, "काऊन अडवून राह्यले, काकाजी? तिकडे मुहूर्त चालला!" काकाजी म्हणाले, "जा ना, मी कोठी नाई म्हनतो. फक्त माह्या कुंपनापासून त्या हापशीपर्यंत वाजवू नका. माह्याकडे बाळंतीन हाय." बाळंतीण म्हणजे राणीमाशी, ती त्या आठवड्यात भराभर अंडी घालत होती. हे मामांना ठाऊक नव्हते. चाळीस पावले सगळी वरात मान खाली घालून, चपला हातात घेतल्यासारखी हळूहळू गेली. घोड्यावरचा नवरदेव तेवढा वेळ एखाद्याच्या मयतीला आल्यासारखा दिसत होता. मी दारात उभा होतो. बाळंतीण कोण, हे वऱ्हाडाला मागाहून कळले, तेव्हा शिव्या काकाजींना आणि जाब मला, कारण शहाणा माणूस म्हणून मी त्यांना आवरायला हवे होते.

एवढे सोसून मध किती मिळे? वर्षाकाठी आम्हाला एक औषधाची बाटली, तीही अर्धी. त्या अर्ध्या बाटलीसाठी परीक्षा द्यावी लागे. काकाजी चमचाभर मध माझ्या तळहातावर घालत आणि विचारत, "सांगा गुरुजी, निंब का बाभूळ?" मी निंब म्हटले की ती बाभूळ असे आणि बाभूळ म्हटले की करडई. "एवढी पुस्तकं वाचली, आन् जिभेले काईच शिकवलं नाई," असा शेरा ठरलेला. रोज सकाळी ते पेटीला कान लावून उभे राहत, गाईच्या पोटाला लावावा तसा, आणि मला हाक मारून माझाही कान तेथे लावायला लावत. मला नुसती गुणगुण ऐकू येई. त्यांना त्यात भूक, तहान, राग, समाधान, सगळे ऐकू येई. मनात मी म्हणे, या माणसाला माणसांचे बोलणे एवढे ऐकू आले असते तर!

आता त्या वैशाखाकडे येतो. शांताबाईंना मुलगा झाला. बारशाला काकाजींना पंधरा दिवस मलकापूरला जायचे होते. उन्हाळ्यात फुले नसतात, तेव्हा माशांना साखरेचा पाक द्यावा लागतो. त्या दिवसांत साखर रेशनवर होती आणि मोजकीच मिळे. काकाजी चार महिने गुळाचा चहा पीत होते आणि आपल्या वाट्याची साखर एका बरणीत साठवत होते. ती बरणी आणि औषध मोजायचा काचेचा पेला त्यांनी माझ्या हवाली केला. "संध्याकाळी एक पेला पाक देजा. पातळ करजा. वाटीत काड्या टाकजा, नाईतं बुडतात बिचाऱ्या. आन् गुरुजी, साखरच देजा बरं." त्यांचे हे शेवटचे वाक्य मी ऐकले नव्हते, असे आजही म्हणता येणार नाही.

ते गेले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला चिखलीहून पाहुणे येत असल्याचा निरोप आला. नऊ माणसे. घरात साखर नाही, दुकानात नाही, शेजारी नाही. दोन ठिकाणी तिला नकार आलेला होता आणि आई रात्रंदिवस त्याच काळजीत होती. पत्नीने बरणीकडे पाहिले. मी नको म्हणालो नाही. शिरा झाला, चहा झाला, पाहुण्यांनी शिरा दुसऱ्यांदा मागून घेतला आणि उठतानाच होकार कळवला. त्या आनंदात बरणी रिकामी झाल्याचे दुःख मला झाले नाही. गूळही गोडच, असा विचार करून मी माशांना गुळाचा पाक देऊ लागलो. गूळ सुरू केल्यापासून चौथ्या दिवशी पेटीच्या तोंडाशी फळीवर पिवळट शिंतोडे दिसू लागले. माशा जमिनीवर सरपटत होत्या, उडता येत नव्हते. मी तरीही गूळच देत राहिलो, कारण दुसरे काही नव्हते आणि कोणाला विचारले तर कारण सांगावे लागले असते. सहाव्या दिवशी उरलेल्या माशा उठून गेल्या. मी बादलीभर पाणी आणले आणि ते शिंतोडे फडक्याने पुसून काढले. चूक अनवधानाने झाली असे एक वेळ म्हणता येईल. ते पुसणे मात्र मी पूर्ण भानावर असताना केले.

काकाजी परतले. त्यांनी पेटी उघडली, रिकामी पोळी एकेक करून पाहिली आणि सवयीने रिकाम्या पेटीला कानही लावला. मी ओरडा ऐकण्याच्या तयारीत होतो. ते एवढेच म्हणाले, "माह्यंच चुकलं, गुरुजी. म्या घर सोडलं, मंग त्यायनं बी सोडलं." मी मान हलवली. ती मान हलवणे मला फार महाग पडले, आणि मलकापूरला त्याहूनही. हिवाळ्यात त्यांनी एका विहिरीच्या कपारीतून नवे मोहोळ धरून आणले आणि त्यानंतर ते गाव सोडून कोठेही गेले नाहीत. शांताबाईंची पोस्टकार्डे येत: जावळ आहे, या, दिवाळी आहे, या. माझे अक्षर वळणदार म्हणून उत्तरे लिहायला काकाजी मला बसवत. "लिहा, मांगच्या बखताले आलो तं माशा रुसून गेल्या. आता येनं होत नाई." मी शुद्धलेखन सुधारून ते लिहीत असे. काकाजी किती हट्टी आहेत, असे पत्नीजवळ पुटपुटतही असे.

पाच वर्षांनी एका सकाळी शांताबाई स्वतःच आल्या, एकट्या. काकाजी फाटकाकडे पाहत म्हणाले, "पोराले नाई आणलं?"

"मुद्दामच नाई आणलं. नातू पाहाचा असंन तं मलकापूरले या."

"अवं, माह्यानं कसं होते? मांगं मी आलो आन् इकडे..."

"माशा गेल्या. माईत हाय मले. गुरुजीच्या अक्षरात पाच वर्षं तेच वाचून राह्यली. बाबा, एकडाव सांगून टाका, लेक मोठी का माशी मोठी?"

काकाजींनी जे उत्तर दिले ते फक्त तेच देऊ शकत होते. "लेकीले घर हाय. माशीले माह्याबिगर कोन हाय?"

शांताबाईंनी खाली ठेवलेली पिशवी पुन्हा उचलली. मी माझ्या दारात उभा होतो. त्या फाटकाकडे वळल्या, तेव्हा मी अंगणात आलो आणि म्हणालो, "काकाजी, तुम्ही गेलात म्हणून माशा गेल्या नाहीत. तुमची साखर माझ्या घरच्या पाहुण्यांना लागली. माशांना मी गूळ दिला."

"गूळ?" काकाजींनी चष्मा काढला. "कितीक दिवस?"

"पाच."

"पातळ का दाट?"

"दाट."

"मंग हगवन लागली असंन."

"लागली होती. शिंतोडे मी पुसून टाकले."

ते निंबाखालच्या पेटीकडे वळले. मग म्हणाले, "आन् म्या समजलो, माह्यावर रुसल्या." आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तुमच्या बहिनीचं जमलं ते त्याच पाहुण्यायत का?"

"हो."

"मंग साखर वाया नाई गेली," ते म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत खोलीत गेले. आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. इतकी वर्षे या माणसाने मला संतापायला लावले होते. पण त्या दिवशी तरी त्याने माझ्यावर संतापावे अशी माझी फार इच्छा होती.

शांताबाई पिशवी हातात धरून तशाच उभ्या होत्या. मी हात जोडले. माझा आवाज मुळातच हळू. तो त्यांच्यापर्यंत नीट पोहोचावा म्हणून मी दोन पावले पुढे झालो.

"शांताबाई, तुमच्या पत्रांना मी पाच वर्षे खोटी उत्तरे लिहिली. तुमचे वडील तुमच्याकडे आले नाहीत, ते माशांमुळे नव्हे, माझ्या भित्रेपणामुळे. माझे चुकले. मला क्षमा करा."