उजवी आपली, डावी दुनियेची

मागून कोणी हॉर्न वाजवला की मामांचा हात खिडकीबाहेर जायचा. कोपरापर्यंत बाहेर, मग टपावरून डावीकडं एक झटका. अंगणातल्या कोंबड्या हाकलाव्यात तसा. सोबत ठरलेलं वाक्य, "जा की बाबा डावीकून, मोकळीच हाय!" मागच्याला ते ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. ते आमच्यासाठी असायचं आणि आम्ही हसायचो.

मामा म्हणजे आमच्या काळ्या-पिवळ्या जीपचे ड्रायव्हर. मी राहते हिंगोलीला आणि शिकवते आखाडा बाळापूरच्या शाळेत. जाता-येता याच जीपमध्ये बसायचे. मामा सगळ्या रस्त्याचेच मामा होते. कुणाचं औषध, कुणाच्या सायकलची ट्यूब, कुणाच्या लेकीला पोचवायचा डबा, सगळं त्यांच्या सीटखाली. बाळंतपणाला माहेरी निघालेली पोरगी गाडीत असली की खड्डा दिसायच्या आधीच वेग कमी. म्हातारं माणूस उतरायचं असेल तर स्वतः खाली येऊन हात द्यायचे. असा माणूस! म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

रस्ता चौपदरी झाला, मधे डिव्हायडर आला, आणि मामा त्या डिव्हायडरला जे चिकटले ते कायमचे. उजवी लेन, आणि काटा चाळिशीच्या पुढं जाणार नाही. अशा गाडीमागं तुम्हीही अडकला असाल आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. मी त्या गाडीच्या आत बसायचे.

"मामा, हळू जायचं तर डावीकडून जावं. उजवी लेन पुढं काढायला असते," मी एकदा म्हटलं. शिक्षकाची खोड, दुसरं काय!

"बाई, डावीत काय काय हाय ते बघा तरी."

बघितलं. डावीत सोयाबीन वाळत घातलेलं, भोवती दगड मांडलेले. पुढं शेळ्या. डिव्हायडरमधला कट लांब पडतो म्हणून खुशाल उलटे येणारे मोटारसायकलवाले. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाया.

"उजवी आपली, डावी दुनियेची," मामा म्हणाले आणि सगळी जीप हसली. मग मागच्या गाड्यांना तिकडं काहून पाठवता, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या दिवशी शाळा सुटून आम्ही परत येत होतो. ऊन अजून होतं. पुढची जागा लेकरू घेतलेल्या एका बाईला दिली होती, मी मागच्या बाकावर. कळमनुरीच्या अलीकडं मागून हॉर्न सुरू झाला. थांबला, पुन्हा सुरू झाला. मग एक पांढरी कार डावीकडून सर्रकन पुढं गेली, आणि लगेच तो आवाज.

तिथल्याच एका गावचा शेतकरी रानातून मोटारसायकलवर उलट्या दिशेनं घरी निघाला होता. तो कारखाली आला. त्याच्या पायाचं काय झालं होतं, ते मी लिहीत नाही.

माणसं कुठून जमतात देव जाणे. कारमध्ये वाशिमचा एक तरुण होता आणि शेजारी त्याची आई. डोळ्याचं ऑपरेशन करून तिला नांदेडहून घरी नेत होता. तिच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. लोकांनी त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. तो ओरडून सांगत होता, "जीपवाल्या काकांनी हात दाखवला! म्हणून मी इकडून घेतली! विचारा ना त्यांना!"

सगळे मामांकडं वळले.

"म्या?" मामा म्हणाले. "म्या कवा दाखवला?"

मग काय, लोक तुटूनच पडले त्या पोरावर. आई हात जोडून या माणसाकडून त्या माणसाकडं फिरत होती. मागं बसल्यामुळं मी मामांचा हात पाहिला नव्हता, पण तो हात मला चांगला ठाऊक होता. जीपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होता. आम्ही सगळे जखमी माणसाभोवती गोळा झालो. तिकडं बघितलं की इकडं बघावं लागत नव्हतं.

मामांनीच त्या शेतकऱ्याला उचलून जीपमध्ये घातलं आणि कधी नव्हे ती गाडी पळवली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला, पण जीव वाचला. उशीर झाला असता तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. झालं! मामा देवमाणूस ठरले. जो तो जीपमध्ये बसला की तेच काढायचा. मामा म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या." हॉर्न आला की आता ते गुमान गाडी डावीला घ्यायचे आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवायचे. डाव्या लेनमधून, शेळ्या-माणसं चुकवत, तसेच घरापर्यंत जायचे.

सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेच्या मैदानावर झेंडावंदन झालं आणि मग मामांचा सत्कार. मागणी त्या शेतकऱ्याचीच होती आणि त्याचं गावही सत्काराला आलं होतं. सूत्रसंचालन माझ्याकडं. मी मामांबद्दल चार चांगली वाक्यं बोलले, सरपंचांनी शाल पांघरली, नारळ दिला. शेतकरी कुबड्या टेकत पुढं आला आणि मामांच्या पायाशी वाकायला लागला. मामांनी त्याला अर्ध्यातच धरलं. त्याला खुर्चीवर बसवलं आणि माझ्या हातातून माईक घेतला.

"त्या वाशिमच्या पोरानं खरं सांगितलं व्हतं," मामा म्हणाले. "हात म्याच दाखवला. आन इचारलं तवा न्हाई म्हणलो. तुमी त्याला मारून राहिले व्हते, आन मी बघून राहिलो व्हतो."

"मामा, आज झेंड्याचा दिवस," सरपंच हसत हसत म्हणाले, "काहून असलं काढून राहिले?"

मारणारे बरेचसे समोरच बसले होते. कुणी चपलेशी चाळा करत होतं, कुणी उगाच मोबाईल काढला. शेतकरी हळूच म्हणाला, "मी बी उलटाच आलतो की."

तेवढ्यात मुलांनी टाळ्या वाजवल्या. बोलणारा थांबला की टाळ्या वाजवायच्या, हे आम्हीच त्यांना शिकवलेलं. कडकडून वाजवल्या बिचाऱ्यांनी! मामांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि ते खाली उतरले. आणि मी, म्हणजे मीच, माईकवर म्हणाले, "आता पाहू या पहिलीच्या मुलींचं नृत्य." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मामांनी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. लोक बिथरले. आता मारहाणीचंही निघेल, गावच्या पोरांची नावं येतील म्हणून. जीपला प्रवासी मिळेनासे झाले. हात धरून उतरवलेली म्हातारी माणसंसुद्धा दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी राहायला लागली. उन्हाळ्याआधी मामांनी जीप विकली आणि ते पुसेगावकडं लेकीच्या घरी राहायला गेले. ते रस्त्यावर पुन्हा दिसले नाहीत.

जाण्याआधी एकदा स्टँडवर भेटले, तीच शेवटची भेट. इस्त्रीचा सदरा होता अंगात, पण चेहरा उतरलेला.

"वाशिमला गेलतो, बाई. त्या पोराच्या घरी."

"भेटला?"

"न्हाई, कामावर गेलता. माय व्हती. पोराला एका कानानं ऐकू येत न्हाई म्हणली, तवापासून." मामांनी सदऱ्याची बाही सारखी केली. "मला वाटलं, वळखलं की दार लावून घेईल. तिनं वळखलं बी बराबर. पण बसा म्हणली. पाणी दिलं."

"मग?"

"म्या सारं सांगितलं. ती ऐकून राहिली. शिवी न्हाई, शाप न्हाई. मंग येवढंच इचारलं, तुमाला लेकरं हायत का म्हणून."

"काय सांगितलंत?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"न्हाई म्हणलो, बाई. लेकरं असलेला माणूस असं करंल का हो?"