गजूमामाचा कम्प्युटर आन् विलासभाऊचा रिकामा खोका

आज गजूमामाची तेरवी. आन् मी त्याच्याच कम्प्युटरची रॅम चोरली.

माह्या खिशात हाय. आत्ता. हे टाइप करून राहिलो आन् ते मांडीले टोचून राहिली.

ज्यायले रॅम माहीत नाई त्यायच्यासाठी सांगतो. बोटाहून लांब हिरवी पट्टी असते. ते नसली त कम्प्युटरचे पंखे फिरते, लाइट लागते, पन स्क्रीन कायीकुट्ट.
दिसाले जिता, कामाले मेला.
सेम टू सेम विलासभाऊ.

विलासभाऊ म्हन्जे मामीचा मोठा भाऊ. अचलपूरले खताचं दुकान. स्वतःले लय शायना समजते.

आज तेरवीले येतानी या मानसानं काय आनलं मालूम?
रिकामा खोका. आन् तो बांधाले सुतयी.

पंगत उठत नाई त बुंदीचा हात पुसत मामीले म्हन्ते, "बाई, तुले काय कराचा आता कम्प्युटर? आमच्या बंटीले लागते कॉलेजले. घेऊन जातो."

मामी ताटं उचलाले लागली. मोठ्या भावाले काय बोलन?

बार्शीटाकळीले घरालेच लागून मामाचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान. तिथं सातबारा काढनं, पीकविम्याचे फॉर्म भरनं, अर्ध काम मामीच करे. मामानं शिकवल्तं. आता तेच तिचं पोट हाय. विलासभाऊले हे माहीत नाई, कारन त्यानं कधी विचारलंच नाई. कम्प्युटर गेला त मामी काय करन? याच्या घरी भांडे घासन?

मामाबी काई देवमानूस नव्हता, खोटं काहून बोलू. एक नंबरचा बढाईखोर. मोबाइलवर चार व्हिडिओ पाह्यले आन् म्हने, "कम्प्युटर मी सोता असेंबल करतो बे!"

अकोल्याहून एक एक पार्ट आनला. मदरबोर्डचा डब्बा बसमधी मांडीवर धरून बसला, जसं काई लेकरू.

दुकानाच्या ओपनिंगले मामीनं सारे पार्ट पाटावर मांडले. दसऱ्याले आपन अवजारं मांडतो ना, तसे. आन् हरेक पार्टले हयद-कुंकू लावलं. मदरबोर्डले, पंख्याले, रॅमले.
मामा "अवो थांब थांब" करे, तोवर झालंबी.

मंग जोडला. नारय फोडला. बटन दाबलं.
पंखे फिरले.
बीप. बीप. बीप.
स्क्रीन कायीकुट्ट.

सारे पाव्हने पाहून राह्यले. विलासभाऊ खुर्चीत पाय हालवत म्हन्ते, "जवाईबुवा, हा कम्प्युटर हाय का कूलर? हवा त मस्त येऊन राहिली!"

"थांबा ना भाऊ, पाहू द्या."

"पाहा, पाहा. नाई जमलं त आमच्या दुकानात पोते उचलाले मानूस पायजेच."

आमी मॉनिटरचा वायर बदलला. सारे प्लग काढून लावले. मागचा स्विच पाह्यला. मामा घामानं ओला.
मंग त्यानं रॅम काढली.
खालच्या सोनेरी दातांवर कुंकू. लालभडक.

मी तोंड उघडलंच होतं, "मामा, हे त मामीच्या..."
त्यानं माह्या पायावर पाय देल्ला. जोरात.
"खोडरबर दे बे इकडे."

खोडरबरानं दाते घासले. बसवली. बटन दाबलं. चालू!

"काय झाल्तं?" विलासभाऊ.
"काई नाई. प्लग ढिला होता. मीच नीट बसवला नव्हता."

विलासभाऊ असा हासला, असा हासला! तवापासून हरेक लग्नात, हरेक बारशात मामाची ओयख एकच. "हे आमचे ढिला प्लग जवाई."
मामा आयकून घे. एकडावबी खरं बोलला नाई.

मामीले आजबी वाटते, पूजा केली म्हनून तो चालू झाला.

त आज विलासभाऊ बाहेर ठेवलेला खोका आनाले गेला तवा मी कम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं आन् रॅम काढली. तिच्या लेबलवर मामीच्या बोटाचं कुंकू अजूनबी हाय. मामानं दाते पुसले, हे नाई पुसलं.

विलासभाऊ फुकटची वस्तूबी ठोकून-बजावून घेते. म्हने, भराच्या आधी चालू करून पाहतो.
बीप. बीप. बीप.
कॅबिनेटले थापडा मारल्या. वायरमधी फुका मारल्या. बंटीले फोन लावला, त्या दिवट्यानं उचलला नाई.
मंग मले विचारते, "काय झालं असन बे?"

म्या म्हनलं, "प्लग ढिला असन, भाऊ."

आत्ताच बोलला, "जवाईसारखाच खटारा निंगाला. राहू दे बाई तुलेच."
आन् खोक्यात उरलेली बुंदी भरून राह्यला. सुतयीनं बांधूनबी राह्यला.

हा एसटीत बसला का मी रॅम लावतो. उद्या मामी दुकान उघडते.

जाय मामा, आरामात जाय. प्लग ढिला नव्हता. मले माहीत हाय.

आन् दोस्तहो, हात जोडतो, कोनाले सांगू नका. विलासभाऊले मी ब्लॉक केलं, पन बंटी तुमच्यातल्या कोनाचा ना कोनाचा फ्रेंड असनच. रॅमचं फुटलं तरी चालन, मार खाऊन घेईन.
पन मामी फेसबुकवर नाई म्हनून हे लिहून राहिलो. कुंकवाचं तिले कोनी सांगू नका बावा. पाया पडतो.