पहिली ओळ सोडायची

मला माझीच किळस येते, अजूनही. नव्वदीच्या सुरुवातीला धामणकर नाक्यावरच्या एका लूम कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. मेला प्रोग्राम लिहिणारा रिपोर्टचं काम अर्धवट टाकून पळालेला. त्यामुळे कुठल्या कारीगराचं किती कापड डॅमेज निघालं, हे मला डिबगर, म्हणजे मेमरीत डोकावून बघायचा प्रोग्राम लावून कॉम्प्युटरच्या पोटातून उपसावं लागायचं. आत नावं नव्हती, नुसत्या आकड्यांच्या ओळी. पहिली ओळ पहिल्या कारीगराची, दुसरी दुसऱ्याची.

आणि तो डिबगर! कुणाकुणाच्या फ्लॉपीवरून उतरवलेला, जुनाट. त्याची दाखवायची कमांडच नासकी. सांगितल्या जागेच्या एक ओळ आधीपासून दाखवायची, म्हणजे वरची पहिली ओळ कुणाचीच नसायची. मग मी मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली, 'पहिली ओळ सोडायची'. वर्षभर सोडली. त्या अकलेचा मला माजच चढला होता.

पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरली, म्हणून वळ गावातल्या एका ओळखीच्याकडून डिबगरची दुसरी कॉपी आणली. त्याच आठवड्यात शेठ म्हणाले, "सगळ्यात जास्त डॅमेज कुणाचं ते सांग. त्याला काढतो."

मी बघितलं. चौथा.

चौथा कारीगर वयाने मोठा, कमी बोलणारा. माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "साब, मेरा माल साफ है. एक बार फिर देख लो." मी त्याच्यादेखत पुन्हा बघितलं. चिठ्ठीवर बोट ठेवून पहिली ओळ सोडली, मोजलं, आणि वर ऐटीत म्हणालो, "चाचा, मशीन झूठ नहीं बोलता." त्याच संध्याकाळी शेठनी त्याचा हिशेब करून त्याला काढलं.

शेवटच्या कारीगरापुढे तेव्हा शून्य दिसलं होतं. म्हटलं, रजेवर असेल. पुढच्या महिन्यात तिथे भलताच आकडा आला, लाखांत, आणि मी पहिल्या ओळीपासून पुन्हा मोजून बघितलं. नव्या कॉपीत कमांड सुधारलेली होती. पहिली ओळ खरी होती, आणि मी शहाणा ती सोडून शेवटी यादीबाहेरचा कचरा वाचत होतो. पाचव्याचं डॅमेज मी चौथ्याच्या माथी मारलं होतं. शी!

शेठना सगळं सांगितलं. ते बशीत चहा ओतत म्हणाले, "अरे, तो तर मुलुकला गेला, त्याच्या गावी. आता काय करणार? पुढच्या वेळी नीट बघ."

मी चिठ्ठी ओरबाडून काढली. पुढच्या वेळीही कुणाला काढायचं हे शेठनी मलाच विचारलं, आणि मी सांगितलं.