उसन्या विजेचा दिवस

शांतता कानावर आदळते, हे भिवंडीबाहेरच्या माणसाला सांगून पटायचे नाही. कामतघरच्या आमच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड अखंड वाहत असते. तिच्यात आमची मुले झोपतात, आमची भांडणे होतात आणि मिटतात. ती थांबली की तान्ही पोरे दचकून जागी होतात. त्यामुळे वीज गेल्याचे आम्हांला दिव्यावरून कळत नाही. लूम थांबले की गेली, लूम सुरू झाले की आली. मान वर करून दिव्याकडे बघायची सवयच कुणाला उरलेली नाही.

समुद्रातले चक्रीवादळ किनारा ओलांडून आमच्याकडे सरकले, त्या सकाळी अशीच शांतता आदळली आणि तिच्या मागोमाग वारा आला. किती रूपे असतात वाऱ्याची! उन्हाळ्याच्या दुपारी ज्याची आपण वाट पाहतो, तोच हा, यावर विश्वास बसेना. पाऊस आडवा होऊन खिडक्यांच्या फटींतून घरात शिरत होता, आणि सुनंदा, माझी पत्नी, जुनी लुगडी त्या फटींत कोंबत होती. गल्लीच्या तोंडावरचे गुलमोहराचे झाड रस्त्यावर आडवे झाले होते. आता कुणी आत येणार नव्हते, कुणी बाहेर जाणार नव्हते.

एरवी अशा दिवसाचे मला काही वाटले नसते. पण आतल्या खोलीत आई होती, आणि तिच्या थकलेल्या फुप्फुसांना श्वास पुरवणारे यंत्र विजेवर चालत होते. वीज गेली तर इन्व्हर्टर होता. मात्र त्याच्या बॅटरीत पाणी घालायचे मी रविवारमागून रविवार पुढे ढकलत आलो होतो. मी शाळेत शिकवतो. वेळेवर गृहपाठ न करणाऱ्या मुलांना काय काय ऐकवतो, ते त्या क्षणी सगळे आठवले. कोरडी पडलेली बॅटरी थोडा वेळ कण्हली आणि इन्व्हर्टर शिट्टी मारू लागला.

मी आईचे मनगट धरून बसून राहिलो. अपराधी माणूस आधी स्वतःला दोष देत बसतो, आणि तेवढा वेळही दुसऱ्याच्या वाट्याचा असतो! सुनंदा मात्र धावत जिना उतरली. खालच्या मजल्यावर रफीकभाई राहतात. गल्लीच्या टोकाला त्यांचा लहानसा कारखाना आहे आणि कापडाचे तागे पोचवायला एक टेम्पो. हाक ऐकून ते भर पावसात गेले, टेम्पोची बॅटरी सोडवली आणि खांद्यावर घेऊन वर आले. तारा जोडल्या. यंत्र पुन्हा घुरघुरू लागले. आईच्या ओठांचा रंग परतला.

टेम्पोची बॅटरी किती पुरणार? ती मंदावू लागेपर्यंत शेजारच्या टॅक्सीवाल्याने आपली काढून ठेवली होती. कुणी कुणाला बोलावल्याचे मला आठवत नाही. गल्लीला कळले होते, एवढेच. प्रत्येक वेळी रफीकभाई खाली जात, भिजून वर येत, आणि आई त्यांना टॉवेल द्यायला मला खुणावत असे.

दुपारी टॅक्सीचीही बॅटरी उतरू लागली. रफीकभाई किराणा दुकानदाराची गाडी उघडायला गेले होते, आणि तेवढ्यात ती खडखड ऐकू आली. एका लयीतली, ओळखीची. मी आनंदाने गॅलरीत धावलो आणि वरूनच ओरडून सांगितले की बॅटरी राहू द्या, लूम सुरू झाले, वीज आली. दिव्याकडे मी पाहिलेच नाही. आत वळलो तेव्हा दिवा काळा होता, इन्व्हर्टर शिट्टी मारत होता, आणि बघता बघता यंत्र थांबले. आईने माझा हात असा घट्ट धरला, की ती पकड मला अजून मनगटावर जाणवते.

मी दाराकडे धावलो, तर रफीकभाई बॅटरी घेऊन उंबऱ्यात उभे होते.

"लूम नहीं है, सर," ते धापा टाकत म्हणाले. "पत्रे हैं. मेरे ही हैं. भिवंडीवाले होके आप भी!"

त्यांच्या कारखान्याचे छप्पर उडत होते. खाली उभे राहून ते त्यांनी पाहिले होते. मागांवर पाऊस पडत होता, ताण्याचे सूत भिजत होते. आणि हा माणूस पाठ फिरवून माझ्या आईचा श्वास घेऊन जिना चढत होता. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी आधी तारा मागितल्या.

यंत्र सुरू झाले. बोलण्याएवढा दम आला तेव्हा आई म्हणाली, "मी हाय अजून. त्याला च्या दे आधी."

वीज रात्री आली. सकाळी आकाश धुतलेले, निर्दोष निळे होते, जणू त्याने काही केलेच नव्हते! झाड कापून बाजूला केलेले होते, आणि गल्लीतली एकही गाडी सुरू होत नव्हती. साऱ्यांच्या बॅटऱ्या आईने रिकाम्या केल्या होत्या. रफीकभाईंचे पत्रे दूर मैदानात जाऊन पडले होते. ते आणायला टेम्पो हवा होता. मग टॅक्सीवाला, दुकानदार आणि मी मागून धक्का मारू लागलो. इतक्या वर्षांत या माणसांबरोबर मी एका दिशेने जोर लावल्याचे मला आठवत नव्हते. उपकार फिटतात का? मला वाटते, फिटू नयेत; त्यांच्यामुळेच तर आपण एकमेकांचे राहतो.

आई नळी सांभाळत खिडकीशी येऊन बसली होती.

"आरं, लाव की जोर," ती वरून म्हणाली. "मीच प्यायलेय त्यांची बॅटरी सगली."

टॅक्सीवाला हसता हसता वाकला. टेम्पोने एक आचका दिला, दुसरा दिला, आणि धूर सोडत तो चालू लागला. रफीकभाईंनी वेग कमी केला नाही. इंजिन बंद पडले असते. मी धावत जाऊन मागच्या फळीवर चढलो आणि त्यांचे पत्रे वेचायला गेलो.