मोगऱ्याची पट्टी

इंझोरीला मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घराला लागून भागिरथाबाईचं घर होतं. घरामागे विहीर, आणि विहिरीच्या पाटाला धरून मोगऱ्याची चाळीसेक झुडपं. तिचा नवरा पुंजाजी दुसऱ्याच्या शेतात राबायचा. मोगरा मात्र पूर्ण तिचा होता. माहेर कामरगावचं, तिथूनच एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं आणली होती. त्या एका झुडपाच्या फांद्या मातीत दाबून, मुळं फुटली की तोडून तिनं एवढी बाग केली.

मोगऱ्याला लाड चालत नाहीत, असं ती सांगायची. हिवाळा सरता सरता ती पाणी बंद करायची. पानं गळून झुडपं वाळल्यासारखी दिसायला लागली की विळ्यानं छाटायची, बुडाशी शेणखत घालायची आणि मगच पाणी सोडायची. चैत्रात कळ्या लागायच्या. उजाडताना, उमलायच्या आत, ती त्या खुडून घ्यायची. पहिली ओंजळ घरातल्या बुद्धाच्या तसबिरीपुढे, बाकीच्या कारंज्याच्या बाजारात.

बाजारापेक्षा तिच्या दारात जास्त माणसं यायची. कुंपणावर जाईचा वेल होता. कुणाचं तोंड आलं की ती जाईची चार कोवळी पानं चावायला द्यायची. कान वाहत असेल तर जाईच्या पाल्यात कढवलेलं तेल. आणि मोगऱ्याची फुलं मागायला कधी कधी एखादी म्हातारी यायची, ती खाली मान घालून. मग भागिरथाबाई काही विचारत नसे. कुणाचं तरी तान्हं गेलं आहे, आणि आईचं दूध थांबत नाही, हे तिला कळायचं. ती फुलं जराशी ठेचायची, जुन्या लुगड्याच्या पट्टीत घालायची आणि स्वतः जाऊन त्या बाईच्या छातीवर बांधायची. सकाळ-संध्याकाळ फुलं बदलायची. चार-पाच दिवसांत गाठी मऊ पडायच्या, ताप उतरायचा, दूध आटायचं. तिच्या सासूनं तिला हे शिकवलं होतं. तिच्या हातानं बऱ्याच जणींना सुख मिळालं होतं, यात खोटं काही नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिची एकुलती एक लेक गंगू पहिल्या बाळंतपणाला आली. गंगूला रिठदला दिलं होतं. जावई जगदेव मोटारस्टँडवर हमाली करायचा, गरीब स्वभावाचा. गंगूला मुलगा झाला. भागिरथाबाईनं त्या दिवशी सगळ्या वस्तीत गूळ वाटला.

सातव्या दिवशी लेकरू दूध ओढेना. जबडा आवळलेला, अंग ताठ. भागिरथाबाईनं त्याला पदरात घेतलं आणि गंगूला घेऊन कारंज्याच्या गाडीसाठी फाट्यावर जाऊन उभी राहिली. गाडी आली तेव्हा लेकरू गेलेलं होतं. कंडक्टर दोनदा म्हणाला, चढा बाई. दोघी चढल्या नाहीत.

गंगू रडली नाही. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दूध तर भरत होतं. चोळी ओली व्हायची, छाती दगडासारखी झाली, अंगात ताप चढला. भागिरथाबाईनं फुलं ठेचून आणली. मी तिथंच होते, गंगूसाठी पेज घेऊन गेलेली.

"मले नाई बांधाचं ते," गंगू म्हणाली.

"काहून? तापानं फणफणून राह्यली तू."

"तेवढंच राह्यलं त्याचं. ते बी गेलं तं तो आलताच नाई असं होईन."

भागिरथाबाईनं ऐकलं नाही. लेकीची तडफड तिला बघवत नव्हती, आणि तिच्या हातात त्यावरचा उपाय होता. तिनं मला गंगूचे हात धरायला सांगितले. मी धरले. गंगूनं थोडा वेळ जोर लावला, मग सोडून दिलं. पट्टी बांधल्यावर पाचव्या दिवशी ताप उतरला. दूधही आटलं. भागिरथाबाई अंगणात येऊन मला म्हणाली की आता पोरगी सावरेल.

त्यानंतर दोनच दिवसांनी चतुराबाई आली. चतुराबाई म्हणजे गावातल्या दौलतरावांची बायको. मोठं शेत, मोठं घर. आमच्या वस्तीत तिनं त्याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. भागिरथाबाईची फुलंसुद्धा त्यांच्या देवाला चालत नसत. चतुराबाई गडी पाठवून कारंज्याहून आणायची. तिची सून बेबीताई बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी रक्त जाऊन जाऊन मेली, हे गावाला माहीत होतं. मागं मुलगी राहिली होती. गाईचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं तर ते पोरीला पचत नव्हतं. त्यांच्या भाऊबंदांत एकच पाजणारी होती, आणि तिचं दूध तिच्याच जुळ्यांना पुरत नव्हतं.

भर दुपारी चतुराबाई दारात उभी राहिली. डोक्यावरचा पदर सुटलेला, हातात फडक्यात गुंडाळलेली पोर.

"भागिरथे, तुह्या गंगूले दूध असन," ती म्हणाली. "ह्या लेकराले पाज म्हणा तिले. जात-पात काई पाह्यत नाई मी आता."

 भागिरथाबाई उंबऱ्याला धरून खालीच बसली. तिला काय झालं ते चतुराबाईला समजलं नाही. तिला वाटलं, ही नाही म्हणते आहे. ती रडायला लागली, आणि जुन्या वागण्याची माफी मागायला लागली. तेवढ्यात आतून गंगू उठून आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून उठली होती. तिनं पोर घेतली, आत नेली आणि छातीला लावली.

पोर ओढायची आणि रडायची. काहीच येत नव्हतं. गंगू तिला या बाजूची त्या बाजूला घ्यायची, पुन्हा लावायची. भागिरथाबाईनं मेथ्या शिजवल्या, खसखस वाटली, जे जे दुधासाठी देतात ते सगळं केलं. मध्ये मध्ये पाणी घातलेलं शेळीचं दूध थेंब थेंब पाजत राहिली. चतुराबाई दिवसभर ओट्यावर बसून राहायची. तहान लागली की भागिरथाबाईच्या माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घ्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी गंगूनं मला हाक मारली. तिचा चेहरा उजळलेला होता. दूध आलं होतं, चार थेंब, पण आलं होतं. तिनं ते बोटावर घेऊन मला दाखवलं. पण पोरीच्या अंगात तोवर ओढायचं बळ राहिलं नव्हतं. गंगूनं दूध पिळून तिच्या ओठांत सोडलं, ते तसंच गालावरून ओघळलं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत पोर गंगूच्या मांडीवरच गेली.

चतुराबाईनं पोर घेतली. जाताना तिनं गंगूच्या डोक्यावरून हात फिरवला. ती गेल्यावर गंगू आईकडे वळली.

"माय, म्या नाई म्हणलं होतं."

एवढंच. आवाजही चढलेला नव्हता. भागिरथाबाई पाटाकडे निघून गेली आणि दुपारपर्यंत तिथंच बसून राहिली. माझ्याशी गंगू काही बोलली नाही, पण तिचे हात मी धरले होते, हे मला आजही विसरता येत नाही.

जगदेव आला आणि गंगूला रिठदला घेऊन गेला. त्या आठवड्यात भागिरथाबाईनं एकही कळी खुडली नाही. सगळा मोगरा झुडपांवरच उमलला आणि वाळला. वासानं आम्हाला घरात बसवेना. शेवटी पुंजाजीनं फुलं झाडून नाल्यात टाकली. पुढं एकदा चतुराबाई येऊन गेली. तिनं भागिरथाबाईला समजावलं की यात तिचा काही दोष नाही, कुणाला काय माहीत होतं. भागिरथाबाईनं मान हलवली. तिला पटलं नव्हतं.

बाग तिनं मोडली नाही. फुलं मागायला बाया येतच राहिल्या. पण आता ती आधी त्या पोरीजवळ जाऊन बसायची आणि तिलाच विचारायची, तुले पायजे का? पोरगी हो म्हणाली तरी एक दिवस थांबायला लावायची, आणि त्या दिवशी गावात, आमच्या वस्तीत आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावर दारोदार फिरून विचारायची, कुणाचं लेकरू दुधावाचून आहे का. लोक म्हणायचे, म्हातारी चळली. तीन वर्षांत असं लेकरू एकदाच सापडलं, तांड्यावरच्या भाऊसिंगचं. ते जगलं.

गंगू पुढच्या बाळंतपणाला माहेरी आली नाही. मुलगी झाल्याचं पत्र आलं तेव्हा भागिरथाबाईनं डिंकाचे लाडू बांधले, अंगाला लावायचं तेल घेतलं आणि महिनाभर राहायच्या तयारीनं रिठदला गेली. पाचव्या दिवशी परत आली. मी विचारलं, गंगू कशी आहे, नात कशी आहे? तिनं पिशवी खाली ठेवली.

"चांगली हाये. नात मांडीवर देली माह्या. गरम पोया करून खाऊ घातल्या," ती म्हणाली. मग पिशवीतून लाडवांचा रिकामा डबा काढला. "पोरीनं लय चांगलं केलं. पाव्हणीचं करते तसं."