अकरावा तारा

काल नाताळचा तारा चिकटवायला खळ शिजवली आणि त्या वासानं मी कल्याणच्या फ्लॅटमधून थेट शहापूरच्या आमच्या आळीत पोचले.

नाताळच्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात प्रीतिभोजन असे. ज्या दारावर तारा लागेल, त्या घराचं एक ताट मांडायचं, ही आमची रीत. तारे मोजायचं काम माझं. लहानपणी एका वर्षी पताकांनी सजलेल्या आळीतून मी अकरा मोजून आले.

"दहाच गो," मार्थाकाकू म्हणाली. "रूथमावशी पावसाळ्यात गेली ना? तिचं घर बंद हाय."

मी बोट दाखवलं. मावशीच्या कुलूपबंद दारावर लाल तारा पेटला होता आणि वारा नसताना हलत होता. काकूनं काही न विचारता अकरावं ताट वाढलं. आम्ही जेवून उठलो, तेव्हा ते पुसल्यासारखं लख्ख होतं.

तेव्हा मला त्या ताटाची भीती वाटली होती. आता काकूच्या न विचारण्याची वाटते.

यंदा मी आळीतलं घर कुलूप लावून सोडलं. खळ निवत होती, तेवढ्यात थकलेल्या काकूचा फोन आला.

"तुज्या दारावर तारा लागलाय गो. ताट मांडू ना?"

माझा तारा अजून टेबलावरच होता, अर्धा चिकटवलेला.

"मांड," मी म्हटलं.