खुर्ची उलटी करून बघणारे सर

आमचे सर कुठेही गेले की आधी खुर्ची उलटी करतात. दवाखाना असो, बँक असो, कुणाचं घर असो. पायांचे जोड बघणार, स्क्रू बोटाने हलवून बघणार, मग खुर्ची सरळ करून बसणार आणि समोरच्याला म्हणणार, "हं, बोला." तोवर समोरच्याची बोलती बंद झालेली असते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सगळ्यांना सांगतात, "मला बघायला पहिल्यांदा आमच्या घरी आले ना, तेव्हा आधी खुर्चीची चौकशी केली, मग माझी."

माणूस विक्षिप्त नाही हो, धंदाच तसला आहे. मोडलेल्या वस्तू का मोडल्या, हे शोधायचं. त्याला फॉरेन्सिक इंजिनिअरिंग म्हणतात. कॉलेजने मला तिथे इंटर्नशिपला पाठवलं तेव्हा मी घरी केवढा भाव खाल्ला होता! आता मी स्फोट झालेले कारखाने बघणार, कोसळलेले पूल बघणार. पहिल्या दिवशी सरांनी माझ्या हातात काय दिलं? एका किटलीचा तुटका कान. "आधी हा," म्हणाले, "पुलाचं मग बघू." पूल शेवटपर्यंत आला नाही तो नाहीच.

जागा म्हणजे एका गल्लीतल्या दोन खोल्या आणि एक अडगळीची खोली. पुढच्या खोलीत टेबल आणि सरांची फळी. फळीवर सायकलचं पेडल, लिफ्टची कप्पी, ऑफिसच्या खुर्चीचा पाय, सगळं चिठ्ठी बांधून ओळीने मांडलेलं. मागच्या खोलीत धातू कापायची मशीन आणि मायक्रोस्कोप. गल्लीतले लोक सरांना तुकडेसर म्हणायचे. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही, पण कबूल करतील तर शपथ.

मी तशी फटकळ. मनात आलं की तोंडातून बाहेर. त्यामुळे पहिला अहवाल लिहिला तो असा: "नोकराने निष्काळजीपणे किटलीचा कान तोडला." सरांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"तू होतीस तिथे?"

"नाही सर. पण दिसतंय की."

"दिसतंय एवढंच की कान तुटला. तुटला आणि तोडला यात एक अख्खा माणूस असतो. तो माणूस सापडेपर्यंत आपण तुटलाच लिहायचं."

घ्या! चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मी इथे व्याकरण शिकायला आले होते. पण खरं सांगते, त्या दिवसापासून हा माणूस मला आवडायला लागला. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एकच घाई असायची, खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते सांगा. आणि सर तिथे शांतपणे "तुटलं" लिहीत बसायचे.

मग झोक्याची कडी आली. एका शाळेच्या मैदानात मुलांचा झोका होता. वरच्या दांडीला साखळी जिथे अडकते, तिथली लोखंडी कडी तुटली आणि एक लहान मुलगी पडली. हात मोडला, वर टाके पडले. मुलीचे आईवडील हवालदिल झालेले आणि चिडलेलेही, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? शाळेतल्या मावशी त्या मैदानाचं सगळं बघायच्या. फाटक उघडायचं, मुलांची भांडणं सोडवायची, झोक्याला तेल द्यायचं, रंग द्यायचा. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं त्यांना सांगण्यात आलं, आणि कडी आमच्याकडे पाठवली.

एका दुपारी मावशी स्वतःच आल्या. सरांनी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि "तू बघ" अशी मला खूण करून चक्क अडगळीच्या खोलीत शिरले. दार लावून घेतलं! एवढा मोठा माणूस! चौकशी चालू असताना ते संबंधितांना कधीच भेटायचे नाहीत, हा त्यांचा नियम. पण खरं कारण मला काकूंनी सांगितलं होतं: "त्यांचं मन फार मऊ आहे गं. चेहरा पाहिला की भिंगातून नीट दिसत नाही त्यांना."

"मोठे साहेब आहेत का?" मावशींनी विचारलं.

"बाहेर गेलेत," मी म्हणाले. तेवढ्यात अडगळीतून एक दणदणीत शिंक आली. मेली ती धूळ!

मावशींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज थोडा चढवला, म्हणजे दारापलीकडे नीट ऐकू जावं. "साहेबांना सांगा, फार शोधत बसू नका. तेल मीच देते, रंगही मीच देते. मग मीच तोडली ना ती कडी? लिहून टाका तसं. पोरीच्या आईला एकदाचं उत्तर तरी मिळेल. मला तर रात्रंदिवस तिचं ओरडणंच ऐकू येतं."

माझ्या जिभेवर आलं होतं, मावशी, कडी तुटली, तुम्ही तोडली नाही. पण तेही आम्हाला अजून माहीत नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं. त्या बसल्यासुद्धा नाहीत, उभ्यानेच प्यायल्या आणि गेल्या. सर बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "धूळ फार आहे आत," म्हणाले. मी झाडू घेऊन आत गेले. माझ्या आयुष्यात हे क्वचितच घडतं.

दुसऱ्या दिवशी कडी मायक्रोस्कोपखाली घेतली. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग लख्ख होता, तो त्या दिवशीचा. पण एका बाजूला काळपट भाग होता. म्हणजे तिथे आधीपासूनच भेग होती, आणि ती अजून आत गेलेली. आणि त्या भेगेच्या तोंडाशी पिवळा रंग दिसला. पिवळा रंग मावशींचा. भेग आधी आणि रंग नंतर, म्हणजे भेग समोर असताना मावशी तिच्यावरून ब्रश फिरवून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनी बघितलंच नव्हतं.

"सर," मी म्हणाले, "पिवळा इतकासा तर आहे. नाही लिहिला तर?"

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, सवयीने उलटी करून पाहिली, आणि म्हणाले, "बस. तुला काय वाटतं, मला लिहावंसं वाटतंय? पण दिसलं ते सगळं लिहायचं. एकदा आपण आपल्या आवडत्या माणसासाठी थोडं गाळलं ना, की उद्या आपण खरं लिहिलं तरी त्याच्या कामाचं राहत नाही." मग मायक्रोस्कोपकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि अजून सगळं दिसलेलंच नाही. तोंड पाहिलंस, पोट कुठे पाहिलंस? कापायला घे."

शाळेची परवानगी आली तेव्हा भेग उभी कापली. कापलेली वस्तू पुन्हा जोडता येत नाही, त्यामुळे कापायची खूण मी तीनदा मोजून घेतली. मग घासत बसले, आधी जाड पॉलिश पेपरवर, मग बारीक, मग मखमलीवर. हात भरून आले. शेवटी तुकडा आरशासारखा झाला. भिंगाखाली ठेवला, डोळा लावला आणि किंचाळलेच.

"सर! निळा!"

भेगेच्या तोंडापासून तळापर्यंत निळा रंग ठासून भरलेला. निळा कारखान्याचा. झोका शाळेत आला तेव्हा निळाच होता. मावशींचा पिवळा त्या निळ्यावर नुसता पापुद्र्यासारखा बसलेला. म्हणजे कडी जन्मली तीच भेग घेऊन, आणि कारखान्याने ती रंगात बुजवून पाठवली. मावशींनी ब्रश फिरवला तेव्हा तिथे भेग दिसायची सोयच नव्हती. दिसत होता तो गुळगुळीत निळा रंग. सरांनी पाहिलं. परत पाहिलं. मग चष्मा काढून पुसत बसले, बराच वेळ.

अहवाल गेला. त्यात पिवळाही होता आणि निळाही. कारखान्याला जाब विचारला गेला. मुलीच्या आईने मावशींना स्वतः भेटून सांगितलं, कामावर या. मावशी आल्याही. शाळेने दुसरीकडून नवा झोका घेतला, मावशींनी तो टांगून घेतला, आणि झोक्याची बसायची पाटी दोराने खांबाला करकचून बांधून टाकली. कुणाला बसूच देईनात. मुख्याध्यापिकांचा फोन आला, "तुमचा अहवाल आमच्यापर्यंत पोचला हो, पण मावशींपर्यंत काही पोचला नाही."

काम संपलं की सर कुणाकडे जात नाहीत. त्या दिवशी गेले. मला म्हणाले, "चल, तूच कापलायस तो तुकडा." मुख्याध्यापिकांच्या खोलीत त्यांनी नेहमीप्रमाणे खुर्ची उलटी केली, बाई बघतच राहिल्या. मग आम्ही मैदानात गेलो. मधली सुट्टी होती. हाताचं प्लास्टर नुकतंच निघालेली ती मुलगी खांबाजवळ उभी राहून मावशींशी हुज्जत घालत होती आणि मावशी मान हलवत होत्या.

"मावशी," सर म्हणाले, "शिंकलो होतो तो मी."

मावशींना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं असावं. पण लगेच चेहरा पडला. "साहेब, तुम्ही लिहिलंत, ते तुमचं मोठेपण. पण मला पोर बसली की धडकीच भरते."

"हा कुणी टांगला?"

"मीच टांगून घेतला. समोर उभं राहून."

"कड्या कुणी बघितल्या?"

"मीच. एक न् एक. शाळेतलं भिंग मागून घेतलं."

"दोर सोडा."

मावशींनी गाठ सोडली. सर पाटीजवळ गेले. आता हे वर बघणार, साखळी ओढणार, खिशातून भिंग काढणार, मी वाटच बघत होते. सरांचं वजन काही थोडंथोडकं नाही. पण सर पाठमोरे झाले आणि सरळ बसले. वर नजरसुद्धा नाही टाकली. मी हातातली पिशवीच खाली टाकली.

"साहेब, बघितलं नाहीत तुम्ही," मावशी घाबरून म्हणाल्या.

"तुम्ही बघितलंय ना?" सरांनी पाय उचलून घेतले. "मग ढकला."

मावशींनी आधी बोटांनी ढकललं, मग तळव्याने. साखळी करकरली आणि सर वर गेले. मावशी रडत होत्या आणि ढकलत होत्या, आणि ती मुलगी त्यांच्या पदराला धरून ओरडत होती, "मावशी, यांच्यानंतर माझा नंबर!"